मुलासाठी कुत्रा आणावा का?

कुत्रा आणण्याचा हट्ट साधारणपणे मूल सहा-सात वर्षांचे झाले की सुरू होतो आणि दहाव्या-अकराव्या वर्षी त्याला धार येते. समोरच्या इमारतीतले पिल्लू, मावशीकडचा लॅब्रॅडोर, एखादा चित्रपट, निमित्त काहीही पुरते. ‘मीच त्याला फिरवीन, मीच खायला घालीन, तुम्हाला काही करावे लागणार नाही’ असे मूल सांगते तेव्हा ते अगदी मनापासून सांगत असते. मात्र हा शब्द पाळणे त्याच्या हातात नसते. मध्यम आकाराचा कुत्रा बारा-चौदा वर्षे जगतो. मुलाच्या आठव्या वर्षी आणलेले पिल्लू त्याच्या दहावीच्या वर्षात ऐन भरात असते, आणि मूल शिक्षणासाठी बाहेरगावी निघते तेव्हा कुत्र्याच्या तोंडावरचे केस पांढरे होऊ लागलेले असतात. ज्याच्यासाठी कुत्रा आणला तो घराबाहेर पडतो आणि कुत्रा आईवडिलांपाशी राहतो. त्यामुळे मुलाला कुत्रा किती हवा आहे, यापेक्षा घरातल्या निदान एका मोठ्या माणसाला तो स्वतःसाठी हवा आहे का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढच्या हिशेबाला फारसा अर्थ उरत नाही.

कुत्र्याचा दिवस ठरलेल्या वेळांचा असतो. सकाळी शाळेची व्हॅन यायच्या आत एक फेरी, संध्याकाळी एक मोठी फेरी, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा पाच मिनिटे खाली. मुंबईच्या जुलैतल्या पावसातही ती चुकत नाही, घरात पाहुणे असले तरी चुकत नाही, परीक्षा असली तरी नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत डांबर इतके तापते की कुत्र्याचे तळवे भाजतात. तिथे उजाडण्यापूर्वी आणि दिवस मावळल्यावरच बाहेर पडावे लागते. पिल्लू लहान असेल तर काम आणखी वाढते. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी शूसाठी बाहेर न्यावे लागते, रात्री ते आईच्या आठवणीने रडते, आणि चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडून पक्के येईपर्यंत चपला, खुर्चीचे पाय, वह्या, जे सापडेल ते चावत सुटते. आईवडील दोघेही सकाळी आठला घर सोडून संध्याकाळी सातला परतत असतील आणि मधल्या वेळात घरी कोणी नसेल, तर पिल्लू आणणे त्या पिल्लावर अन्याय आहे. मोठा कुत्राही रोज पाच-सहा तासांहून अधिक एकटा राहिला तर कंटाळतो, भुंकतो, दारे ओरबाडतो. शेजाऱ्यांच्या तक्रारी बहुधा इथूनच सुरू होतात.

आजी-आजोबा घरी असतात, ते पाहतील, असे अनेक घरांत गृहीत धरले जाते. त्यांना आधी विचारलेले बरे. पंचवीस किलोचा कुत्रा पट्ट्याला हिसका देऊन मांजरामागे धावला की सत्तरीच्या माणसाचा तोल जातो, आणि त्या वयात खुब्याचे हाड मोडणे ही साधी गोष्ट नसते. उलट अनेक आजी-आजोबांना घरातल्या कुत्र्याने पुन्हा चालते-बोलते केले आहे, हेही तितकेच खरे. दोन्ही शक्यता त्यांच्याशी बसून बोलल्याशिवाय कळत नाहीत.

मग मुलाला यातून मिळते काय? अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे जिंगल्स नावाचा कुत्रा होता. माणसांशी न बोलणारे मूल त्यांच्या खोलीत आले की आधी कुत्र्याशी खेळू लागे आणि मग हळूहळू डॉक्टरांशी बोलू लागे. हा अनुभव त्यांनी १९६२ साली लिहून काढला. प्राण्यांच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या उपचारांचा अभ्यास तिथून वाढला. कुत्रा मुलाचे मार्क विचारत नाही, भावंडाशी तुलना करत नाही, तेच तेच सांगितले तरी ऐकून घेतो. एकुलत्या एका मुलाला, नव्या शाळेत रुळत नसलेल्या मुलाला, बोलताना अडखळणाऱ्या मुलाला हे सोबतीपण फार मोलाचे ठरू शकते. कुत्र्यामुळे मूल मोबाइल ठेवून खाली उतरते, इमारतीतल्या इतर मुलांशी ओळख होते, न बोलणाऱ्या जिवाला काय हवे आहे हे त्याच्या अंगावरून ओळखायला शिकते.

यापलीकडचे दावे मात्र तपासून घ्यायला हवेत. कुत्रा पाळला की मूल अधिक निरोगी, अधिक शहाणे, अधिक जबाबदार होते, असे सर्रास म्हटले जाते. अमेरिकेतल्या रँड संस्थेच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या पाच हजारांहून अधिक घरांची माहिती तपासली आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध केले. पाळीव प्राणी असलेल्या घरांतली मुले वरवर पाहता अधिक सुदृढ दिसत होती. पण घराचे उत्पन्न, स्वतःचे घर असणे, पालकांचे आरोग्य असे घटक हिशेबात धरल्यावर हा फरक जवळपास नाहीसा झाला. जी घरे कुत्रा सांभाळू शकतात त्यांच्याकडे मुलांसाठीही अधिक साधने असतात, एवढाच त्याचा अर्थ. जबाबदारीचेही तसेच. मोठी माणसे कुत्र्याचे काम नियमाने करत असतील तर मूल त्यांच्या बरोबरीने शिकते. ‘तुझा कुत्रा आहे, तूच बघ’ म्हणून सोडून दिले तर मूल काही शिकत नाही, आणि कुत्रा उपाशी, तहानलेला राहतो. जिवंत प्राणी हे शिस्त लावण्याचे साधन होऊ शकत नाही.

वयाचा मुद्दा सुरक्षिततेशी जोडलेला आहे. लहान मुलांना कुत्रा चावतो तेव्हा तो बहुधा ओळखीचा, घरातला किंवा शेजारचाच असतो, आणि मुलाची उंची कमी असल्याने जखम चेहऱ्यावर, डोक्यावर, मानेवर होण्याचे प्रमाण जास्त असते. हल्ला ‘अचानक’ झाला असे मोठी माणसे सांगतात, पण कुत्र्याने त्याआधी बऱ्याचदा सूचना दिलेल्या असतात. तो मान फिरवतो, ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहतो, शेपूट पोटाखाली घेतो. मग अंग ताठ करून स्तब्ध होतो. गुरगुरणे त्यानंतर येते. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या अभ्यासात असे दिसले की तीन-चार वर्षांची मुले दात विचकणाऱ्या कुत्र्याचा चेहरा पुष्कळदा हसरा समजतात आणि त्याच्या जवळ जाऊ पाहतात. ज्या वेळी दूर व्हायचे, नेमके त्याच वेळी मूल पुढे सरकते.

म्हणून मूल सहा वर्षांचे होईपर्यंत थांबलेले बरे, असा सावध सल्ला दिला जातो आणि तो योग्य आहे. ज्या घरात आधीपासून कुत्रा आहे आणि मागाहून बाळ येते त्यांनी कुत्रा काढून टाकण्याचे कारण नाही. पण लहान मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटे ठेवू नये, एक क्षणही नाही. मूल कितीही वर्षांचे असले तरी काही गोष्टी पक्क्या कराव्या लागतात. कुत्रा जेवत असताना, झोपलेला असताना, पिल्लांपाशी असताना त्याच्याजवळ जायचे नाही. त्याच्या गळ्याला मिठी मारायची नाही. माणसाला मिठीत माया वाटते, कुत्र्याला बरेचदा अडकल्यासारखे वाटते. शेपूट-कान ओढायचे नाहीत, पाठीवर बसायचे नाही. आणि कुत्रा गुरगुरला तर त्याला मारायचे नाही. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो. घरात कुत्र्याची एक जागा असावी, जिथे तो गेला की त्याला कोणी हात लावणार नाही. दोन खोल्यांच्या घरातही टेबलाखालचा कोपरा त्याला देता येतो.

भारतात कुत्र्याच्या चाव्याचा विचार रेबीजला वगळून होत नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजची जवळजवळ सगळी प्रकरणे कुत्र्यांकडून येतात, आणि लक्षणे दिसू लागली की हा रोग बहुतेक नेहमीच प्राण घेतो. मात्र लसीने तो पूर्ण टाळता येतो. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात रेबीजची पहिली लस द्यावी लागते आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी, मात्रा चालू ठेवावी लागते. कुणालाही, कोणत्याही कुत्र्याने चावले किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखमेवर तिखट, चुना, हळद, तेल लावण्याची पद्धत आजही अनेक गावांत दिसते. त्यातले काहीही लावू नये. सरकारी रुग्णालयांत दंडाच्या कातडीत दिली जाणारी लस सामान्यतः पहिल्या दिवशी, मग त्यानंतरच्या तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी टोचतात. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. घरच्या कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी निर्णय डॉक्टरांवर सोडावा. आणि मुलाला एक गोष्ट आवर्जून सांगून ठेवावी: खरचटले तरी लपवायचे नाही. ‘सांगितले तर कुत्रा काढून टाकतील’ या भीतीने मुले गप्प बसतात, आणि ती भीती घरच्यांनीच आधी घालवायला हवी.

बाकीचे आजार त्या मानाने हाताबाहेरचे नाहीत. पिल्लांच्या पोटात गोलकृमी असणे अगदी सामान्य आहे. विष्ठेतून बाहेर पडलेली त्यांची अंडी मातीत टिकतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या तोंडावाटे पोटात जाऊ शकतात. पिल्लाला वेळापत्रकाप्रमाणे जंतनाशक देणे, विष्ठा लगेच उचलणे आणि मुलाने जेवणाआधी हात धुणे एवढ्याने हा धोका फार कमी होतो. पावसाळ्यात गोचीड वाढतात आणि कुत्र्याला गोचीडताप होतो. मुंबई-कोकणात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, त्यावर कुत्र्यांसाठी लस आहे.

दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलाच्या घरी अधिक जपून पाऊल टाकावे. ॲलर्जी केसांपेक्षा कुत्र्याची लाळ आणि त्वचेचा कोंडा यांतल्या प्रथिनांची असते, त्यामुळे ‘या जातीने ॲलर्जी होत नाही’ हे विक्रेत्याचे सांगणे खरे मानू नये. स्वीडनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांमध्ये सहाव्या वर्षाच्या सुमारास दम्याचे प्रमाण थोडे कमी आढळले होते. पण ज्या मुलाला आधीच त्रास आहे त्याला याचा आधार घेऊन कुत्रा आणून देणे चूक ठरेल. ज्यांच्याकडे कुत्रा आहे अशा घरी मुलाने काही वेळा दोन-तीन तास घालवून पाहावेत आणि बालरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.

शहरात घराइतकाच सोसायटीचाही प्रश्न असतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही किंवा लिफ्ट वापरण्यापासून रोखता येत नाही. पण हक्क आहे म्हणून शेजार सुखाचा होत नाही. लिफ्टमध्ये घाबरणारे मूल किंवा वयस्क व्यक्ती असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहणे, पट्टा आखूड धरणे, विष्ठा पिशवीत उचलणे हे मालकाचे काम आहे. भाड्याच्या घरात मालकाची संमती आधी, लेखी घ्यावी. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांच्या हद्दीत कुत्र्याचा परवानाही काढावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

खर्च पिल्लाच्या किमतीपाशी थांबत नाही. खाणे, लसी, जंतनाशके, गोचिडांवरची औषधे, नसबंदी, बाहेरगावी जाताना सांभाळणाऱ्याचे पैसे हे चालूच राहते, आणि उतारवयातले आजार एका झटक्यात मोठी रक्कम मागतात. गणपतीला गावी जायचे, मे महिन्यात आजोळी जायचे, त्या वेळी कुत्रा कुठे, याचे उत्तर दरवर्षी शोधावे लागते. खाण्याबद्दल मराठी घरांत एक समज आहे की उरलेली पोळी दुधात कुस्करली की झाले. त्याने पोट भरते, पोषण होत नाही; बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. शाकाहारी घरातही कुत्रा नीट वाढू शकतो, पण त्याची प्रथिने कुठून येणार हे पशुवैद्याशी बोलून ठरवावे लागते. कांदा-लसूण, मनुका-बेदाणे, द्राक्षे आणि चॉकलेट त्याला विषासारखे आहेत. लाडाने घास भरवणाऱ्या मुलाला आणि आजीलाही ही यादी पाठ असावी.

कोणता कुत्रा, हा प्रश्न खरे तर इतक्या सगळ्यानंतर यायला हवा. प्रत्यक्षात तो सर्वांत आधी येतो आणि त्याचे उत्तर चित्रपट-जाहिराती ठरवतात. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने पांढऱ्या स्पिट्झला घरोघरी नेले. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे चालणारा पग आला आणि पगची मागणी वाढली. जाहिरातीत न दिसलेली गोष्ट अशी की पगचे नाक इतके चपटे असते की त्याला श्वास घेणेच कष्टाचे होते, आणि उकाडा त्याच्या जिवावर बेतू शकतो. बर्फात राहण्यासाठी दुहेरी केसांचा थर असलेला हस्की नागपूरच्या फ्लॅटमध्ये ठेवणे तर क्रौर्यच आहे, मग एसी कितीही चालू ठेवा.

लॅब्रॅडोर मुलांशी प्रेमाने वागतो ही त्याची कीर्ती खोटी नाही. पण तो माणसाबरोबर दिवसभर कामात राहण्यासाठी तयार झालेला कुत्रा आहे; व्यायाम मिळाला नाही तर तो लठ्ठ होतो आणि घर डोक्यावर घेतो. सोलापूर-लातूरकडचे कारवान आणि पश्मी, कर्नाटकातले त्यांचे भाऊबंद मुधोळ, हे शिकारी कुत्रे देखणे आणि आपल्या हवेला सरावलेले आहेत; पण पळत्या वस्तूमागे सुसाट सुटणे त्यांच्या रक्तात आहे, त्यांना मोकळे रान लागते. रॉटवायलर, पिटबुल यांच्याविषयी कायद्यातही ओढाताण झाली आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा २३ जातींची विक्री आणि पैदास थांबवण्याचे परिपत्रक राज्यांना पाठवले आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. कायदा काहीही म्हणो, ज्या घरात यापूर्वी कुत्रा कधी नव्हता आणि आता मूल आहे, तिथे राखणीसाठी पैदा केलेला बलदंड कुत्रा पहिला म्हणून आणू नये.

गावठी कुत्र्याचा विचार मात्र व्हायला हवा तेवढा होत नाही. तो मध्यम बांध्याचा, आखूड केसांचा, इथल्या उन्हापावसात टिकलेला असतो. विशिष्ट जात टिकवण्यासाठी जवळच्या नात्यात केलेल्या पैदाशीतून येणारे आजार त्याच्यात कमी दिसतात. त्याला ‘रस्त्यावरचा’ म्हणून नाके मुरडली जातात, हा निव्वळ प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. लहानपणापासून माणसांत वाढलेला गावठी कुत्रा मुलाला तितकाच जीव लावतो.

जात जितकी महत्त्वाची वाटते त्याहून पिल्लाचे पहिले तीन महिने महत्त्वाचे असतात. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला पुढे आयुष्यभर नेहमीचे वाटते. याच काळात आई आणि भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचे नाही हेही ते शिकते. म्हणून आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू आणू नये. श्वानपैदाशीसंबंधी २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार तसे पिल्लू विकताही येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या मंडळाकडे नोंदणी असावी लागते. विकत घ्यायचेच असेल तर पिल्लाची आई पाहण्याचा आग्रह धरावा. आई दाखवायला टाळाटाळ झाली की तिथून परतावे, पिल्लू कितीही गोंडस असो.

मुलाच्या घरी पिल्लूच यावे, असेही नाही. प्राण्यांच्या निवाऱ्यांत दोन-तीन वर्षांचे, लस आणि नसबंदी झालेले, स्वभाव कळलेले कुत्रे असतात. असा कुत्रा चपला चावत नाही, रात्रभर रडत नाही, आणि मुलांशी कसा वागतो हे सांभाळणाऱ्यांना आधीच माहीत असते. काही संस्था थोड्या दिवसांसाठी कुत्रा घरी सांभाळायला देतात. निर्णयाआधीची ही सर्वांत खरी परीक्षा आहे. तेही जमणार नसेल तर महिनाभर नुसती वेळ पाळून पाहावी: रोज पहाटे आणि रात्री, घरातले जे कोणी कुत्र्याला नेणार आहे त्याने अर्धा-अर्धा तास खाली जाऊन यायचे, मुलाने सोबत जायचे, सुट्टीचा वार नाही. दुसऱ्या आठवड्यात कोण उरते, ते दिसते.

ही परीक्षा आधीच घेण्याचे कारण गंभीर आहे. नको झालेला कुत्रा गाडीतून दूर नेऊन सोडण्याचे प्रकार प्रत्येक शहरात घडतात. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा दहा ते पन्नास रुपये. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही, तिथले कुत्रे त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत. आणि मूल हे सगळे पाहत असते. कुत्रा ‘फार्महाउसवर पाठवला’ हे त्याला काही दिवस पटते, कायम नाही.

उत्तर ‘आता नको’ असे निघाले तर मुलाला खरे कारण सांगावे: घरी दिवसभर कोणी नसते, ताईचा दमा आहे, बाबांची बदली होणार आहे. दहा वर्षांच्या मुलाला ही कारणे कळतात. ‘बघू’, ‘पहिला नंबर आण, मग आणू’ अशा शब्दांनी मात्र त्याला टांगते ठेवू नये. कुत्रा बक्षीस म्हणून आला तर नंबर घसरल्यावर त्याचे काय, हा प्रश्न मूलच विचारते. कुत्र्याची ओढ खरी असेल तर तिला वाट देता येते. शेजारच्या कुत्र्याला मालकाबरोबर फिरवायला नेता येते, नातेवाईक गावी गेले की त्यांचा कुत्रा चार दिवस सांभाळता येतो, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत मोठ्या माणसासोबत सुट्टीच्या दिवशी मदतीला जाता येते. इमारतीखालच्या, नसबंदी आणि लसीकरण झालेल्या कुत्र्यांच्या पाण्याची भांडी उन्हाळ्यात रोज भरणे हे काम तर आठ वर्षांचे मूलही आईवडिलांच्या देखरेखीखाली करू शकते. आणि घरची परिस्थिती बदलली, कोणी निवृत्त झाले, कामाच्या वेळा बदलल्या किंवा मूल थोडे मोठे झाले, की हाच प्रश्न घराने पुन्हा बसून चर्चेला घ्यायला हरकत नाही.